आंत्रविषार : शेळीचा मृत्यू हे नशीब नव्हे

मृगाचे दोन-चार पाऊस पडतात, माळावर कोवळे गवत उगवते आणि गावोगावच्या वस्त्यांतून एक वार्ता दरवर्षी हमखास ऐकू येते. काल संध्याकाळी पोटभर चरून आलेली, अंगाने भरलेली शेळी सकाळी दाव्याला ताठ होऊन पडलेली असते. पोट फुगलेले, मान मागे वळलेली. कोणी म्हणतो पान लागले, कोणी म्हणतो कोणीतरी विष घातले, तर कोणी नजर आणि करणीवर येतो. दोन दिवसांनी त्याच कळपातले सगळ्यात धष्टपुष्ट करडू जाते. ज्या बाईच्या दावणीला ही जनावरे असतात तिची मुलांची फी, आजारपणाची तरतूद आणि सणाचा कपडा एका आठवड्यात मातीत जातो. या मृत्यूंची बातमी होत नाही, पंचनामा होत नाही आणि विधिमंडळात प्रश्नही विचारला जात नाही. "नशिबात नव्हते" एवढ्यावर विषय संपतो.

हे नशीब नव्हे. या रोगाला नाव आहे, कारण आहे आणि काही रुपयांत मिळणारी प्रतिबंधक लसही आहे. रोगाचे नाव आंत्रविषार. ज्याचे कारण माहीत आहे आणि ज्यावर उपाय उपलब्ध आहे, अशा रोगाने गरिबाची जनावरे दरवर्षी मरत असतील तर तो निसर्गाचा कोप राहत नाही, तो कारभाराचा प्रश्न होतो. म्हणून या विषयाची जागा कृषी पुरवणीच्या कोपऱ्यात नसून चळवळीच्या पानावर आहे.

आधी शास्त्र समजून घेऊ. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू मातीत सर्वत्र असतो आणि निरोगी शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यातही थोड्या संख्येने राहतो. एरवी तो उपद्रव देत नाही. तो कोणते विष तयार करतो त्यावरून शास्त्रज्ञांनी त्याचे ए पासून जी पर्यंत सात प्रकार पाडले आहेत. दूध पिणाऱ्या कोकरांना रक्ती हगवण लावून मारणारे प्रकार बी आणि सी. चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांचा काळ ठरणारा प्रकार डी. उन्हाळाभर काटक्या-कुटक्यांवर जगलेले जनावर अचानक हिरव्या लुसलुशीत चाऱ्यावर पडते, कापणी झालेल्या रानात सांडलेले धान्य खाते, किंवा लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात कोणी प्रेमाने त्याच्यापुढे ओततो. एवढे खाद्य एकदम पचत नाही. न पचलेला पिष्टमय भाग लहान आतड्यात उतरतो, तिथे या जिवाणूला मेजवानी मिळते, त्याची संख्या बेसुमार वाढते आणि तो एप्सिलॉन नावाचे विष सोडू लागतो.

या विषाची गंमत अशी, की ते बाहेर पडते तेव्हा जवळजवळ निरुपद्रवी असते. जनावराच्या स्वतःच्या पोटातले पाचक रस त्याला जहाल बनवतात. मग आतड्याची भिंत गळकी होते, विष रक्तात उतरते आणि मेंदू व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते. जनावर अडखळते, गोल फिरते, पाय झाडते आणि कित्येकदा काही तासांतच संपते. मेंढीचे मूत्रपिंड मऊ, लिबलिबीत झालेले आढळते. शेळीत पुष्कळदा रक्तमिश्रित हगवण लागते आणि दुखणे थोडे लांबते. जो अधिक खातो त्याच्या आतड्यात जिवाणूला अधिक खाद्य मिळते, म्हणून कळपातले उत्तम जनावर आधी जाते. "चांगल्यालाच नजर लागते" या समजुतीचे मूळ इथे आहे. यात नजर नाही आणि देवीचा कोपही नाही, ही आतड्यातली रसायनक्रिया आहे.

लक्षणे दिसल्यावर उपचाराला फारसा वाव राहत नाही. डॉक्टर येईपर्यंत जनावर गेलेले असते. म्हणून खरा उपाय लसीकरणाचाच. जिवाणूचे विष निष्प्रभ करून ही लस बनवतात. पुण्यात औंध येथे राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे आणि तिथे आंत्रविषाराची लस तयार होते. म्हणजे ज्ञान परदेशातून आणायचे नाही आणि कोणा कंपनीच्या पेटंटसाठीही थांबायचे नाही. पहिल्यांदा लस देताना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात आणि त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा. शेळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मेंढीला या लसीपासून जेवढे संरक्षण मिळते तेवढे शेळीला मिळत नाही आणि ते टिकतेही कमी काळ. त्यामुळे शेळीला वर्षातून एकदा टोचून भागत नाही, सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही लवकर पुन्हा मात्रा द्यावी असे जाणकार सांगतात.

आता वेळेचा हिशोब मांडा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्यापूर्वी दोन्ही मात्रा होऊन अंगात प्रतिकारशक्ती यायची असेल तर पहिली मात्रा एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात पडली पाहिजे. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. निधी, मागणी, पुरवठा, शीतपेटी आणि मनुष्यबळ यांची जुळवाजुळव एका महिन्यात व्हायला हवी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते. ही साखळी एका ठिकाणी तुटली आणि लस जूनच्या अखेरीस गावात आली, तर अहवालात टोचणीचा आकडा भरतो, पण शेळी त्याआधीच मेलेली असते. कागदावर शंभर टक्के लसीकरण आणि दावण रिकामी, असा हा प्रकार होऊ शकतो.

मग सरकारला जनावरांचे रोग आटोक्यात आणता येत नाहीत का? येतात. बुळकांडीचे उदाहरण घ्या. या रोगाने शतकानुशतके गावेच्या गावे बैलांवाचून उजाड केली. १८८९ साली पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. स्वातंत्र्यानंतर देशभर मोहीम चालली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त असल्याचे जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केले आणि २०११ साली तो रोग जगातूनच हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मानवी देवीनंतर संपूर्ण जगातून नाहीसा केलेला हा दुसरा रोग.

पण बुळकांडी आणि आंत्रविषार यांत एक मूलभूत फरक आहे आणि आपल्या प्रश्नाची गाठ त्या फरकातच आहे. बुळकांडीचा विषाणू जनावराकडून जनावराकडे जात होता. साखळी तोडली की तो संपला. आंत्रविषाराचा जिवाणू मातीत बीजरूपाने तग धरतो आणि निरोगी जनावराच्या पोटातही राहतो. तो कधीच संपणार नाही. त्याच्यासाठी एकदाची मोठी मोहीम, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन आणि शेवटी विजयाची घोषणा असा कार्यक्रम होऊ शकत नाही. त्याला हवी दरवर्षी, वेळेवर, न चुकता, प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचणारी साधी सेवा. आणि नेमकी हीच गोष्ट या व्यवस्थेने गावकुसाबाहेरच्या माणसाला कधी दिलेली नाही. पाण्याचे तसे, शाळेचे तसे, दवाखान्याचे तसे आणि शेळीच्या लसीचेही तसेच.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांसाठी पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग नंतर केंद्राच्या कार्यक्रमात आला, ही चांगली गोष्ट झाली. आंत्रविषार मात्र राज्याच्या नेहमीच्या लसीकरणाच्या खात्यात राहिला. दुधाच्या आणि मांसाच्या निर्यातीला जे रोग आड येतात त्यांच्याकडे आधी लक्ष जाते. आंत्रविषार निर्यात अडवत नाही, तो फक्त एका बाईचा संसार अडवतो.

ही शेळी कोणाची आहे ते पाहा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. ज्याच्याकडे जमीन आहे तो गाय-म्हैस बांधतो, ज्याच्याकडे जमीन नाही तो शेळी पाळतो. १८८३ साली महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाच जंगल खात्याने गायराने गिळल्यामुळे गरिबाच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी मांडले होते. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी देशव्यापी सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. जमीन ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांनी बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर शेळ्या चारून घर चालवले. यात आमच्या बौद्ध वस्त्या आहेत, मातंग आणि चर्मकार वस्त्या आहेत, पारधी आणि भिल्ल पाडे आहेत. मेंढ्या घेऊन शेकडो कोस हिंडणारा धनगर तर आहेच. ज्या दवाखान्याच्या हद्दीत त्याचे नाव त्याच हद्दीत तो लसीच्या दिवशी असेल, याची खात्री कोण देणार?

सरकार स्वतः अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट ७५ टक्के अनुदानावर देते. योजना चांगली आहे, अनेक कुटुंबांना तिचा आधार झाला आहे. पण जनावर देणे आणि जनावर जगवणे या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या भागातून किंवा बाजारातून आणलेल्या शेळ्या नव्या चाऱ्यावर येतात, चारा अचानक बदलतो आणि आंत्रविषाराला याहून सोयीची परिस्थिती दुसरी नाही. गट वाटपाच्या दिवशी फोटो निघतो. त्या गटाच्या लसीची दुसरी मात्रा कोणत्या तारखेला आणि कोण देणार, हे त्या कागदावर ठळक लिहिलेले असते का? विमा असला तरी दाव्यासाठी कानातला बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो. या रोगात प्रेत फार लवकर सडते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला तर निदानही हातचे जाते आणि दावाही. मग अनुदान वजा जाऊन उरलेला वाटा त्या कुटुंबाच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहतो आणि गावातले प्रस्थापित म्हणायला मोकळे होतात, की "यांना फुकट दिले तरी सांभाळता येत नाही." सरकारच्या न पोहोचलेल्या लसीचा ठपका असा जातीवर येतो.

हा ठपका नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतात गुरे पटापट मरू लागली की ब्रिटिश अधिकारी आणि जमीनदार चर्मकारांकडे बोट दाखवत. हे लोक कातड्यासाठी जनावराला सोमल घालतात, असा समज सरकारी कागदांत रूढ झाला. एखाद्या ठिकाणी तसा गुन्हा घडलाही असेल, पण संशय मात्र अख्ख्या जातीवर ठेवला गेला. त्याच काळात बुळकांडी, फाशी, घटसर्प यांसारखे रोग गुरांचा फडशा पाडत होते. या साथींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. याच १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदाही आला, हे विसरू नये. रोग जिवाणूचा आणि विषाणूचा, पण गुन्हेगार ठरला माणूस, आणि तोही ठरावीक जातीचा.

जनावराच्या मृत्यूवरून माणसाला ठोकण्याची ही रीत एकविसाव्या शतकातही गेलेली नाही. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणातील झज्जर जिल्ह्यात दुलिना पोलीस चौकीजवळ पाच दलितांना गाय मारल्याच्या संशयावरून जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारहाण झाली. त्यानंतर गुजरातमधील दलितांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले आणि सुरेंद्रनगरला सरकारी कचेरीसमोर ती आणून टाकली, तेव्हा व्यवस्थेला जाग आली. आमच्याकडे करणीच्या संशयावरून एखाद्या विधवेला, एखाद्या गरीब बाईला छळले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर मंत्र-तंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आळ कोणावर घेणे हादेखील गुन्हा ठरवला आहे. असा कायदा करावा लागतो यातच सगळे आले. जिथे विज्ञान पोहोचत नाही तिथे संशय पोहोचतो, आणि संशय नेहमी दुबळ्याच्या दारातच थांबतो.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मेलेली गुरे ओढू नका, मृत मांस खाऊ नका, असे समाजाला बजावले. तो स्वाभिमानाचा आदेश होता आणि समाजाने तो पाळला. आरोग्याच्या दृष्टीनेही त्याची किंमत आज अधिक कळते. अजूनही काही ठिकाणी मरायला टेकलेली शेळी घाईघाईने कापून मटण वाटून घेतले जाते, नुकसान थोडे तरी भरून निघावे म्हणून. त्या गरिबीला दोष देता येत नाही, पण धोका सांगितलाच पाहिजे. अचानक मेलेले प्रत्येक जनावर आंत्रविषाराचे नसते, ते फाशीचेही असू शकते. नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले असेल तर त्या जनावराला सुरी लावायची नाही. तो रोग माणसाला होतो आणि जीव घेतो. डॉक्टरला कळवावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. आणि हे काम कोणत्या एका जातीचे नाही, ते ग्रामपंचायतीचे आहे, हेही ठणकावून सांगावे.

आता नुकसानभरपाईचे बघू. २०२२ साली लंपी रोग आला. राज्य शासनाने दुभत्या गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत जाहीर केली, लसही मोफत दिली. निर्णय योग्यच होता. गरीब शेतकऱ्याची गाय मेली तर त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने मनावर घेतले तर जनावराच्या रोगालाही मदत देता येते, तशी सोय करता येते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले होते. बाजारात चांगली शेळी चार हजारांत मिळत नाही हे कोणीही सांगेल. आणि तेवढे तरी मिळायला पूर, चक्रीवादळ, दुष्काळ यावा लागतो. आतड्यातल्या जिवाणूने केलेला घात त्या यादीत बसत नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि करांत सवलतींची भाषा झाली. ज्याच्या गोठ्याला वेगळे मीटर आहे, ज्याला बँक दारात उभी करते, त्याला याचा फायदा होईल. पण जिच्या पाच शेळ्या झोपडीच्या आडोशाला बांधलेल्या आहेत तिला विजेच्या सवलतीचे काय? तिला मे महिन्यात दोन सुया हव्या आहेत. समकक्ष दर्जाची परीक्षा तिच्या दावणीला होणार.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषार लसीची पहिली मात्रा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरी मृगापूर्वी पडली पाहिजे. शेळ्यांसाठी हिवाळ्यापूर्वी आणखी एक मात्रा द्यावी. लसीकरणाची तारीख आणि टोचलेल्या जनावरांची वस्तीनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. लस गावच्या चावडीवर न ठेवता वस्तीत आणावी. योजनेतून मिळालेल्या प्रत्येक गटाच्या कागदावर लसीच्या तारखा छापाव्यात आणि त्या चुकल्या तर नुकसानीची जबाबदारी खात्याने घ्यावी. १९६२ या क्रमांकावर खबर दिल्यावर त्याच दिवशी शवविच्छेदन व्हावे. भटक्या मेंढपाळांसाठी त्यांच्या वाटेवर लसीकरणाचे तळ असावेत.

आणि काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. १४ एप्रिलला आपण गावोगाव एकत्र येतो. जयंती मंडळाने त्याच आठवड्यात वस्तीतल्या शेळ्यांची मोजणी करून, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे दिला आणि पोच घेतली, तर मिरवणुकीच्या खर्चातला एक रुपयाही कमी होत नाही. १ मेच्या ग्रामसभेत तोच विषय ठरावाला आणता येतो. शिकलेल्या मुला-मुलींनी बायकांना बसवून सांगावे की पावसाळ्याच्या तोंडाला शेळी एकदम हिरव्यात सोडू नका, आधी थोडा वाळला चारा घाला, पंगतीचा भात आणि धान्य एकदम पुढे ओतू नका. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपल्याला देवीचा कोप नाकारायला शिकवले. तो नाकारल्यावर त्या जागी कारणाचा शोध आणि हक्काची मागणी या दोन्ही आल्या पाहिजेत. देवऋष्याकडे जाणारे पैसे आणि पाय या वर्षी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे वळले आणि तिथे लस नसल्यास ते तहसीलच्या दारात जाऊन बसले, तर पुढच्या मृगात कित्येक दावणी भरलेल्या दिसतील.

जय भीम!